पृथ्वीची वेस आणि सूर्याचा वारा

'प्लाझ्मा' म्हटले की आम्हा डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे रक्तपेढीतली फिकट पिवळ्या द्रवाची पिशवी येते. भौतिकशास्त्रज्ञाला त्याच शब्दाने वेगळेच काही आठवते. वायू खूप तापला किंवा त्यातून जोरदार वीज गेली की त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. मग जो विद्युतभारित कणांचा पदार्थ तयार होतो, त्याला ते प्लाझ्मा म्हणतात. ट्यूबलाइटच्या नळीत तो असतो, पावसाळी आकाशातल्या विजेच्या लोळात असतो आणि सूर्य तर त्याचाच बनलेला आहे.

दोघांचे नाव एकच असण्यामागे एक गोष्ट आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्यूर यांनी १९२८मध्ये या तापलेल्या वायूला प्लाझ्मा हे नाव दिले. त्यांच्या एका सहकाऱ्याने पुढे आठवण सांगितली, की विद्युतभारित वायू इलेक्ट्रॉन आणि आयन वाहून नेतो ते पाहून लँगम्यूर यांना रक्तातला प्लाझ्मा आठवला. तोही असाच तांबड्या-पांढऱ्या पेशी सोबत घेऊन वाहतो. म्हणजे शब्द आमच्याकडून तिकडे गेला.

आज मला ज्या गोष्टीबद्दल लिहायचे आहे, ती वैद्यकाच्या आणखी एका कल्पनेशी जुळते. शरीरातली प्रत्येक पेशी एका पातळ पटलाने वेढलेली असते. या पेशीपटलाची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी. पण आत काय यायचे आणि बाहेर काय जायचे, हे तेच ठरवते. पटल म्हणजे भिंत नव्हे. त्यात दारे असतात, ती उघडतात आणि मिटतात. आपल्या पृथ्वीलाही असाच एक पदर आहे. तो डोळ्यांना दिसत नाही आणि जमिनीवरून त्याला हात लावता येत नाही. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत अवकाशयाने त्यातून हजारो वेळा आरपार गेली, तेव्हा कुठे त्याचा स्वभाव आपल्याला कळू लागला.

न दिसणारा वारा

सूर्यापासून सतत प्लाझ्माचा एक झोत सुटत असतो. त्याला सौरवात म्हणतात. त्यात मुख्यतः प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन असतात, थोडी हेलियमची केंद्रके असतात. त्याचा वेग सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर, कधी ८०० किलोमीटर. वादळ वाटावे असा हा वेग. पण हा वारा कमालीचा विरळ आहे. पृथ्वीजवळ त्याच्या एका घनसेंटिमीटरमध्ये जेमतेम पाचेक प्रोटॉन सापडतात. आपण श्वासात घेतो त्या हवेच्या तेवढ्याच जागेत सुमारे अडीच लाख कोटी कोटी रेणू असतात. प्रयोगशाळेतल्या उत्तम निर्वात पंपालाही साधणार नाही इतकी ही विरळ गोष्ट. पण ती एकटी येत नाही, सूर्याचे चुंबकीय क्षेत्र सोबत घेऊन येते. पुढच्या साऱ्या कथेत हाच मुद्दा महत्त्वाचा आहे.

असा वारा वाहत असलाच पाहिजे, हे यूजीन पार्कर यांनी १९५८मध्ये गणिताने मांडले. ज्यांच्याकडे हा शोधनिबंध तपासायला गेला त्यांना तो पटला नाही. 'ॲस्ट्रोफिजिकल जर्नल'चे संपादक तेव्हा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर होते. त्यांनाही कल्पना फारशी रुचली नव्हती. पण गणितात चूक सापडत नाही म्हटल्यावर त्यांनी परीक्षकांचा विरोध बाजूला ठेवून तो छापला. पुढच्याच वर्षी सोव्हिएत रशियाच्या लुना यानांना या वाऱ्याचे कण सापडले आणि १९६२मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ या यानाने तो अखंड वाहत असल्याचे दाखवून दिले.

हा वारा पृथ्वीवर थेट आदळत नाही. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला अडवते. नदीच्या प्रवाहात खडक असला की पाणी त्याला वळसा घालून जाते, तसा तो वळतो आणि पृथ्वीभोवती एक पोकळी तयार होते. सिडनी चॅपमन आणि व्हिन्सेंट फेरारो यांनी अशा पोकळीची कल्पना १९३१मध्येच मांडली होती. तिला आज आपण चुंबकावरण म्हणतो. सूर्याच्या बाजूला ती दबलेली असते. तिची सीमा पृथ्वीच्या मध्यापासून साधारण दहा पृथ्वी-त्रिज्यांवर, म्हणजे साठ-पासष्ट हजार किलोमीटरवर येते. उलट्या बाजूला मात्र ती शेपटासारखी लांबच लांब ताणली जाते, चंद्राच्या कक्षेच्याही पलीकडे.

पौर्णिमेच्या आसपास चंद्र पृथ्वीच्या मागे असतो, तेव्हा तो दर महिन्याला पाच-सहा दिवस या शेपटातून जातो. कोजागरीला दुधात चंद्र पाहतो तेव्हा तो पृथ्वीच्या चुंबकावरणात असतो, हे आपल्या ध्यानीमनीही नसते. २०१९च्या सप्टेंबरमध्ये चंद्रयान-२वरच्या 'क्लास' या उपकरणाने या शेपटातले विद्युतभारित कण टिपले होते.

सीमा म्हणजे रेघ नव्हे

कागदावर चुंबकावरणाची सीमा एका रेघेने काढतात. अलीकडे पृथ्वीचा मुलूख, पलीकडे सूर्याचा. १९६१च्या ऑगस्टमध्ये सुटलेल्या एक्स्प्लोरर-१२ या उपग्रहाने ही सीमा पुन्हा पुन्हा ओलांडली. ओलांडताना चुंबकीय क्षेत्र एकदम बदलते, हे त्याने स्पष्ट दाखवले. त्यामुळे ही रेघ खरी आहे, असे वाटले. पुढे, १९६३मध्ये सुटलेल्या 'इम्प-१'ने सीमेच्याही पुढे उठणारी एक लाट नेमकी टिपली. वेगाने चाललेल्या होडीच्या नाळेपुढे पाणी उठते ना, तशी. या लाटेपाशी सौरवाताचा वेग एकाएकी कमी होतो, तो दाट आणि उष्ण होतो आणि मग सीमेला घासत दोन्ही बाजूंनी निघून जातो.

सत्तरच्या दशकात प्लाझ्मा मोजणारी उपकरणे सुधारली आणि एक वेगळीच गोष्ट दिसू लागली. सीमेच्या बाहेरचा प्लाझ्मा दाट आणि त्या मानाने थंड असतो. घनसेंटिमीटरला वीसेक कण. आतला अगदी विरळ, पण फार तापलेला. घनसेंटिमीटरला एक कणही धड नाही. सीमा म्हणजे घट्ट भिंत असती, तर यान एका जगातून थेट दुसऱ्या जगात गेले असते. तसे झाले नाही. सीमा ओलांडून आत आल्यावरही यानाला काही काळ मधलाच प्लाझ्मा सापडत राहिला. घनता मधली, तापमान मधले, वेगही मधला. बाहेरचे कण आत आले आहेत आणि आतल्यांत मिसळत आहेत, असा एक पट्टाच सीमेच्या आतल्या अंगाला होता. त्याला सीमास्तर म्हणतात.

हा शब्द मुळात हवा-पाण्याच्या अभ्यासातला. वाहणारा द्रव आणि त्याला अडवणारा पृष्ठभाग यांच्यामध्ये एक पातळ थर असतो आणि घर्षणाचा सारा व्यवहार तिथेच होतो, हे लुडविग प्रांटल यांनी १९०४मध्ये दाखवले. रक्तवाहिनीतही हेच घडते. मधोमध रक्त वेगाने धावते आणि भिंतीला लागून ते जवळजवळ थांबलेले असते. धमनीच्या भिंतीवर मेद साचायला कुठे सुरुवात होईल, हे ठरवण्यात भिंतीलगतच्या या प्रवाहाचा मोठा वाटा असतो. एकूण प्रवाह कसा आहे एवढे पाहून भागत नाही, काठावर काय चालले आहे ते पाहावे लागते.

पृथ्वीच्या काठावर असे एकाहून अधिक थर निघाले. विषुववृत्ताच्या बाजूने, सीमेच्या आत, एक थर. ध्रुवांच्या वरून शेपटाकडे पसरलेला दुसरा. तो १९७२मध्ये सुटलेल्या युरोपच्या हिऑस-२ या उपग्रहाच्या नोंदींवरून ओळखला गेला. शेपटाच्या आतही असा आणखी एक. आता प्रश्न उरला तो साधा आणि अवघड. चुंबकीय क्षेत्र विद्युतभारित कणांना सहसा आडवे जाऊ देत नाही. मग हे कण आत आले कुठून?

दोन वाटा

गंमत म्हणजे उत्तरे प्रश्नाच्या आधीच तयार होती. दोन्ही १९६१मधली.

पहिले उत्तर ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स डंगी यांचे. सूर्याकडच्या बाजूला, सीमेपाशी, पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे रोखलेले असते. सौरवातासोबत आलेले क्षेत्र दक्षिणेकडे रोखलेले असले, तर दोन विरुद्ध दिशांची क्षेत्रे समोरासमोर येतात. डंगी म्हणाले, की अशा वेळी चुंबकीय रेषा तुटतात आणि एकमेकींना जोडल्या जातात. पृथ्वीची रेषा सूर्याकडून आलेल्या रेषेला जोडली गेली, की तटबंदीला दार पडले. त्यातून कण आत येतात आणि क्षेत्रात साठलेली ऊर्जा त्यांना वेगाने फेकते. या क्रियेला चुंबकीय पुनर्जोडणी म्हणतात.

दुसरे उत्तर इयन ॲक्सफर्ड आणि कॉलिन हाइन्स यांचे. वारा सीमेला घासून जातो तेव्हा एक प्रकारची ओढ निर्माण होते आणि आतला प्लाझ्माही त्याच्याबरोबर ओढला जातो, असे त्यांचे म्हणणे. तळ्यावरून वारा गेला की लाटा उठतात. त्या जोराच्या असल्या की वळतात, फुटतात आणि हवा-पाणी एकमेकांत मिसळते. पृथ्वीच्या दोन्ही कुशींवर असेच होत असेल, तर दार न उघडताही सरमिसळ होऊ शकते.

दोन्ही कल्पना पटण्यासारख्या होत्या. निवाडा करायला तिथे जाऊन पाहणे भाग होते आणि नेमकी तिथेच अडचण होती.

एका यानाची अडचण

चुंबकावरणाची सीमा एका जागी राहत नाही. सौरवाताचा दाब वाढला की ती आत येते, कमी झाला की फुगते. १९९९च्या मे महिन्यात हा वारा दोनेक दिवस जवळजवळ पडला, तेव्हा चुंबकावरण नेहमीच्या पाच-सहा पट फुगल्याचे दिसले. रोजच्या व्यवहारातही सीमा सेकंदाला दहा-दहा किलोमीटरच्या पटीत मागे-पुढे होत असते. यानापेक्षा सीमाच जास्त वेगाने हलते. म्हणजे यान सीमा ओलांडत नाही, सीमाच यानाला ओलांडून जाते.

एकटे यान काय सांगेल? 'दहा सेकंद मी त्या थरात होतो,' एवढेच. थर जाड होता आणि वेगाने गेला, की पातळ होता आणि सावकाश गेला, हे त्याला कळणार नाही. ईसीजीचे उदाहरण घ्या. छातीवर एकच तार लावली तर ठोके मोजता येतील. झटका हृदयाच्या कोणत्या भिंतीला आला आहे, हे कळायला हातापायांवर आणि छातीवर मिळून दहा ठिकाणी तारा लावाव्या लागतात. हृदय एकच, पण त्याच्याकडे अनेक बाजूंनी एकाच वेळी पाहावे लागते.

म्हणून १९७७मध्ये आयसी-१ आणि आयसी-२ ही यानांची जोडी पाठवली गेली. सीमा आधी एकाला लागली आणि मग दुसऱ्याला, यातला वेळ मोजला की तिचा वेग निघतो. वेग कळला की जाडी कळते. सीमेची जाडी काही शे किलोमीटर भरली. चुंबकावरणाच्या प्रचंड आकारापुढे ही म्हणजे सालच. ८ सप्टेंबर १९७८ रोजी याच मोहिमेला सीमेपाशी प्लाझ्माचे वेगवान झोत सापडले, डंगी यांच्या हिशेबाने असायला हवे होते तसेच. दार उघडते, याचा हा पहिला थेट पुरावा.

पण दोन यानांनी एकाच दिशेतला फरक कळतो. तिन्ही मितींत काय चालले आहे हे समजायला निदान चार हवीत. युरोपीय अवकाश संस्थेने 'क्लस्टर' नावाची चार यानांची मोहीम आखली. ४ जून १९९६ रोजी ती एरियान-५ या नव्या रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात निघाली आणि चाळीस सेकंद व्हायच्या आत रॉकेटसह नष्ट झाली. जुन्या रॉकेटसाठी लिहिलेल्या संगणक आज्ञावलीचा एक भाग नव्यात तसाच वापरला होता आणि नव्या रॉकेटच्या वेगाचा मोठा आकडा तिला पेलला नव्हता. कित्येक वर्षांचे काम फ्रेंच गयानाच्या दलदलीत विखुरले. शास्त्रज्ञांनी चारही याने पुन्हा बांधली आणि २०००च्या जुलै-ऑगस्टमध्ये दोन-दोन करून ती कझाकस्तानातल्या बैकोनूरहून सोडली. त्यांना नावे दिली नृत्यांची: रुंबा, साल्सा, सांबा आणि टँगो.

या चौघांनी ॲक्सफर्ड-हाइन्स यांच्या वाटेचाही पुरावा आणला. २० नोव्हेंबर २००१ रोजी चुंबकावरणाच्या कुशीपाशी त्यांना प्लाझ्माचे वळलेले भोवरे सापडले. एकेक भोवरा सुमारे चाळीस हजार किलोमीटर रुंद, म्हणजे त्यात तीन पृथ्व्या शेजारी शेजारी मावतील. भोवऱ्यांच्या आत बाहेरचा दाट प्लाझ्मा आणि आतला उष्ण प्लाझ्मा एकत्र होते. एका यानाला हे चित्र केवळ आकड्यांची चढउतार वाटले असते. चौघांमुळे त्याला आकार आला.

उलटे निघालेले उत्तर

२००७च्या फेब्रुवारीत नासाने 'थेमिस' मोहिमेची पाच याने सोडली. तोवर सर्वसाधारण समज असा, की सूर्याचे क्षेत्र दक्षिणमुखी असले तर दार उघडते आणि उत्तरमुखी असले तर बंद राहते. त्या उन्हाळ्यात थेमिसची याने ओळीने सीमेतून जात असताना सूर्याचे क्षेत्र उत्तरमुखी होते. समजुतीप्रमाणे सीमास्तर रोडावलेला असायला हवा होता. प्रत्यक्षात तो हजारो किलोमीटर जाड निघाला. दोन्ही क्षेत्रे एकाच दिशेला असताना सूर्याचे वीसपट जास्त कण आत येतात, असा निष्कर्ष संशोधकांनी २००८च्या डिसेंबरात जाहीर केला.

याचा खुलासा असा. क्षेत्र उत्तरमुखी असले की समोरचे दार मिटलेले असते हे खरे. पण रेषा ध्रुवांच्या वरच्या अंगाला, उत्तरेला आणि दक्षिणेला, अशा दोन्ही टोकांना जोडल्या जातात. बाहेरच्या प्लाझ्माचा अख्खा तुकडा दोन्हीकडून मिटला जातो आणि आत सामावला जातो. पेशी बाहेरच्या थेंबाभोवती पटल गुंडाळून त्याला आत घेते, त्या क्रियेची डॉक्टरांना इथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. ही आवक शांतपणे होते, तिने वादळ होत नाही. पण त्यानंतर सूर्याचे क्षेत्र दक्षिणेला वळले, तर वादळाला लागणारी रसद आत आधीच पोहोचलेली असते.

दार नेमके उघडते कसे, त्या क्षणी इलेक्ट्रॉन काय करतात, हे मात्र अजून दिसले नव्हते. ती जागा जेमतेम काही किलोमीटरची. सीमा सेकंदाला पन्नास किलोमीटर वेगाने जात असेल तर ती यानाला क्षणभरच लागते. आधीच्या यानांना इलेक्ट्रॉनांचे एक संपूर्ण मोजमाप घ्यायला काही सेकंद लागत. तेवढ्यात सगळा खेळ संपलेला असे.

२०१५च्या मार्चमध्ये नासाने 'एमएमएस' मोहिमेची चार याने पाठवली. ती पिरॅमिडच्या चार कोपऱ्यांसारखी उडतात. कधी कधी त्यांच्यातले अंतर दहा किलोमीटरपेक्षाही कमी असते. इलेक्ट्रॉनांचे एक संपूर्ण मोजमाप ती ३० मिलिसेकंदांत घेतात, आधीपेक्षा सुमारे शंभरपट वेगाने. म्हणजे पन्नास किलोमीटर वेगाची सीमा दोन मोजमापांमध्ये दीड किलोमीटर सरकते. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चारही याने पुनर्जोडणीच्या अगदी गाभ्यातून गेली. रेषांना बांधलेले इलेक्ट्रॉन तिथे रेषांपासून सुटतात आणि चुंबकीय ऊर्जा त्यांच्या वेगात उतरते, हे पहिल्यांदाच प्रत्यक्ष मोजले गेले. डंगी यांच्या कल्पनेला तोवर ५४ वर्षे झाली होती.

वेस उघडल्यावर

इतक्या दूरच्या, इतक्या विरळ गोष्टीची एवढी उठाठेव कशासाठी? याचे एक उत्तर मुंबईत आहे.

१८५९च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत पृथ्वीवर आजवर नोंदलेले सर्वांत मोठे चुंबकीय वादळ आले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली. त्या वेळी कुलाब्याच्या वेधशाळेत हाताने नोंदी घेतल्या जात होत्या. तिथे चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद झाली. जवळजवळ दीड शतकाने, २००३मध्ये, ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना यांच्यासह काही संशोधकांनी त्याच नोंदींवरून त्या वादळाचा जोर मांडला. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे मोजमाप बिघडणार, म्हणून १९०४मध्ये ही वेधशाळा अलिबागला नेण्यात आली. ती आजही काम करते आहे.

१३ मार्च १९८९ रोजी आलेले वादळ याहून बरेच लहान होते. तरी कॅनडातल्या क्युबेक प्रांताची वीजयंत्रणा दीड मिनिटात कोसळली आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. वादळात चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलते, त्यामुळे लांबच लांब वीजवाहिन्यांमध्ये नको तो प्रवाह शिरतो आणि ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो. आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्याने हा धोका कॅनडाइतका नाही. पण उपग्रह, दळणवळण आणि जीपीएसवर चालणारी घड्याळे यांना अक्षांशाची सोय नाही. मे २०२४च्या वादळात सीमा आत सरकून भूस्थिर उपग्रहांच्या कक्षेच्याही अलीकडे आली. म्हणजे ३६ हजार किलोमीटर उंचीवरचे उपग्रह काही काळ थेट सूर्याच्या वाऱ्यात उघडे पडले. त्या रात्री लडाखमधल्या हानले इथून आकाशात तांबूस प्रकाश दिसला.

शासकीय रुग्णालयात काम करणाऱ्याला वीज जाणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. व्हेंटिलेटर, नवजात बाळांचे वॉर्मर, रक्तपेढीचे फ्रीज, लसींचे आयएलआर, सगळे तारेच्या एका टोकाला बांधलेले असते. जनरेटर असतो, त्याचे डिझेल काही तासांचे असते. म्हणून वादळाची आगाऊ सूचना मिळणे ही मला केवळ खगोलशास्त्रातली बाब वाटत नाही.

सूचना देता येते, पण तिला मर्यादा आहे. सूर्यावर स्फोट झालेला लगेच दिसतो आणि त्याचा लोट यायला एक ते तीन-चार दिवस लागतात. पण त्या लोटातले क्षेत्र उत्तरमुखी आहे की दक्षिणमुखी, म्हणजे आपली वेस उघडणार की नाही, हे दुरून खात्रीने सांगता येत नाही. ते कळते तो लोट पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूवरून जाताना. भारताचे आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४पासून तिथेच आहे. सौरवात आणि चुंबकीय क्षेत्र मोजणारी उपकरणे त्यावर आहेत. सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी त्यावरची 'सूट' ही दुर्बीण पुण्याच्या आयुकाने तयार केली आहे. एल-१वरून निघालेला लोट पृथ्वीपाशी यायला अर्धा ते एक तास लागतो. अपघातात सापडलेल्या रुग्णासाठी आम्ही ज्याला गोल्डन अवर म्हणतो, जवळजवळ तेवढाच. त्या तासात काय घडणार हे सांगायचे, तर सीमास्तर कसा वागतो हे आधी माहीत असावे लागते. क्लस्टर, थेमिस आणि एमएमएस यांनी वर्षानुवर्षे गोळा केलेली माहिती तिथे उपयोगी पडते.

आपल्या शरीराचे काय?

हा प्रश्न रुग्ण विचारतात. 'आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाइल बंद ठेवा, अवकाशातून घातक किरण येणार आहेत,' असा निरोप दर काही महिन्यांनी फिरत येतो. त्यात तथ्य नाही. जमिनीवर आपल्या डोक्यावर वातावरणाचा जाड थर आहे आणि सौरवाताचे कण त्यातून खाली पोहोचत नाहीत.

चुंबकीय बदलाचे म्हणाल, तर मोठ्या वादळातही आपल्याकडच्या चुंबकीय क्षेत्रात एखाद-दोन टक्क्यांचा फरक पडतो. एमआरआयच्या साध्या दीड टेस्लाच्या यंत्रातले क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजार पटींहून अधिक असते आणि त्यात रुग्ण अर्धा तास पडून राहतो. वादळे आणि हृदयविकार यांचा संबंध आकडेवारीतून शोधण्याचे प्रयत्न काही देशांत झाले आहेत. पण त्यावरून कुणी रक्तदाबाची गोळी बदलावी किंवा घाबरून घरात बसावे, असे काहीही सिद्ध झालेले नाही. आपली गोळी वेळेवर घ्या, एवढाच माझा सल्ला.

अंतराळवीरांची गोष्ट निराळी. जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवरचे अंतराळ स्थानक चुंबकावरणाच्या बरेच आत आहे. चंद्राकडे जाणाऱ्यांना मात्र वेस ओलांडावी लागते. ऑगस्ट १९७२मध्ये सूर्यावर मोठी खळबळ झाली. अपोलो-१६ एप्रिलमध्ये परत आले होते आणि अपोलो-१७ डिसेंबरमध्ये जायचे होते. त्या दिवसांत चंद्रावर माणूस असता, तर किरणोत्साराची मोठी मात्रा त्याला सोसावी लागली असती. इथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. अशा स्फोटांतले अतिवेगवान प्रोटॉन वेगळे आणि सीमास्तरात रेंगाळणारा सौरवाताचा संथ प्लाझ्मा वेगळा. पहिल्याने थेट शरीराला इजा होते; दुसरा चुंबकावरणात ऊर्जा भरतो आणि वादळ घडवतो. चंद्रावर पुन्हा माणूस न्यायचा, तर दोन्हींचा अंदाज लागतो.

आता क्ष-किरण

आजवरची सारी निरीक्षणे सुईने नमुना काढून तपासण्यासारखी होती. यान जिथे असेल तिथलाच थेंब. चार याने असली तरी चारच थेंब. संपूर्ण सीमा एका दृष्टिक्षेपात कुणी पाहिलेली नाही. युरोप आणि चीन यांनी मिळून आखलेली 'स्माइल' मोहीम ती पाहण्यासाठी आहे. सौरवातातले जड आयन पृथ्वीभोवतीच्या विरळ हायड्रोजनला भेटले की त्यांच्याकडून इलेक्ट्रॉन घेतात आणि त्या व्यवहारात मंद क्ष-किरण बाहेर पडतात. ते टिपले तर सीमा कुठे आहे, कुठे दबली आहे, हे चित्रासारखे दिसेल. सुईच्या तपासणीनंतर आता एक्स-रे.

दरम्यान जुनी पिढी निवृत्त होते आहे. रुंबा, साल्सा, सांबा आणि टँगो यांना दोन वर्षांचे काम दिले होते, त्यांनी चोवीस वर्षे केले. ८ सप्टेंबर २०२४ रोजी साल्सा दक्षिण प्रशांत महासागरावर वातावरणात शिरून जळाले. एमएमएसची चारही याने दहा वर्षांहून अधिक काळ फिरत आहेत. त्यांच्या नोंदींतले कितीतरी अजून वाचायचे आहे. कुलाब्याच्या कागदांना तरी कुठे घाई होती? १८५९मध्ये कुणीतरी रात्रभर जागून, नेमाने आकडे लिहिले. ते कशाचे आहेत, हे कळायला एक शतक जावे लागले. पण ते नीट लिहिलेले होते, म्हणूनच कळले.